रीस्टार्ट केला की चालतं, चार दिवसांनी पुन्हा बंद : ‘टू मेनी ओपन फाइल्स’चं मूळ कुठे सापडलं

“अवो, पट्ट्या उतरंनात. आन् आता तर लॉगिनबी होईना झालंय.”

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाच्या दिवाणजींचा हा फोन आम्हाला सलग तीन वर्षं मार्चमध्ये आला. तिन्ही वेळा सर्व्हर रीस्टार्ट केला, तिन्ही वेळा काम सुरू झालं, आणि चार-आठ दिवसांत पुन्हा तोच फोन. मूळ सापडलं तेव्हा दुरुस्ती दहा-पंधरा ओळींची निघाली. तिथपर्यंत पोचायला आमचा जो वेळ गेला तो दुसऱ्या कुणाचा जाऊ नये, म्हणून सविस्तर लिहितोय. उदाहरणं नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आहेत, पण फाइली किंवा नेटवर्कवरून डेटा वाहून नेणारा कुठलाही सर्व्हर असा अडकू शकतो.

आधी काम काय होतं ते सांगतो. आम्ही सांगलीत बेदाण्याची अडत दुकानं आणि शीतगृहं यांच्यासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवतो. सौदा झाला, वजन झालं, की शेतकऱ्याच्या नावाची हिशेबपट्टी निघते: बॉक्स किती, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई आणि शीतगृहाचं भाडं वजा जाऊन हातात किती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी दुकानांच्या वह्या आणि पट्टीबुकं भिजून त्यांचा लगदा झाला. त्यानंतर आमच्या ग्राहकांनी एकच मागणी धरली, पट्टीची प्रत सर्व्हरवर पाहिजे. म्हणून प्रत्येक पट्टीची पीडीएफ एन्क्रिप्ट करून ठेवली जाते. वर्षअखेरीला सीएंना सगळ्या पट्ट्या एकत्र लागतात, त्यासाठी एक बटण आहे: ‘सगळ्या पट्ट्या उतरवा’. ते दाबलं की सर्व्हर एकेक पीडीएफ उलगडतो, झिपमध्ये घालतो, आणि झिप तयार होता होताच ब्राउझरकडे पाठवत राहतो.

दुखणं या बटणात होतं. पण दुखत होतं भलतीकडेच, आणि म्हणूनच ते सापडायला उशीर झाला.

तुमचंही दुखणं हेच आहे का

लहान दुकानाची झिप व्यवस्थित उतरते, मोठ्या दुकानाची अडकते. अडकली की तिच्याशी काही संबंध नसलेल्या गोष्टी बंद पडतात. लॉगिन होत नाही, डेटाबेसशी नवी जोडणी होत नाही, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचा पत्ताच सापडत नाही अशी तक्रार लॉगमध्ये दिसते. प्रोसेसर निवांत असतो, मेमरी शिल्लक असते, डिस्कवर जागा असते. रीस्टार्ट केला की सगळं ठीक. आणि मग कुणी मोठी झिप मागितलेली नसतानाही काही दिवसांनी पुन्हा तेच.

ही सगळी लक्षणं एकत्र दिसत असतील तर लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ या संदेशाच्या शेजारी ‘ईएमफाइल’ (EMFILE) हा शब्द शोधा. लिनक्समध्ये या चुकीचा क्रमांक २४ आहे आणि अर्थ असा, की या एका प्रोसेसने तिला परवानगी होती तितके फाइल डिस्क्रिप्टर वापरून संपवले. शेजारचा ‘ईएनफाइल’ (ENFILE), क्रमांक २३, वेगळा. तो आख्ख्या मशीनची मर्यादा संपली की येतो. दोघांत गल्लत करू नका, कारण उपाय वेगळे आहेत.

डिस्क्रिप्टर म्हणजे उघड्या गोष्टीला कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, दिलेला नंबर. नाव फाइलचं असलं तरी हा नंबर फक्त फाइललाच लागतो असं नाही. ब्राउझरकडून आलेली प्रत्येक जोडणी, डेटाबेसची प्रत्येक जोडणी, पत्ता शोधण्यासाठी उघडलेलं सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक), या सगळ्यांना त्याच साठ्यातून नंबर मिळतो. पट्ट्यांनी साठा संपवला की लॉगिनला नंबर उरत नाही. आम्ही पहिल्या वर्षी दोन दिवस डेटाबेस तपासत बसलो होतो. तो बिचारा ठणठणीत होता.

मर्यादेचा घोळ

पहिल्या वर्षी लॉगमध्ये ही ओळ दिसल्यावर कुणीही करेल तेच केलं, मर्यादा वाढवायला गेलो. शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) मर्यादा दाखवणारी युलिमिट (ulimit) ही आज्ञा चालवली तर १०२४ आकडा आला. पण तीन हजार पट्ट्यांची झिप तर बिनतक्रार उतरत होती! मर्यादा १०२४ असेल तर हे शक्यच नाही.

याचं उत्तर असं. प्रत्येक प्रोसेसला दोन मर्यादा असतात, मऊ आणि कडक. साधं युलिमिट मऊ मर्यादा दाखवतं. नोड सुरू होतानाच स्वतःची मऊ मर्यादा कडक मर्यादेपर्यंत वाढवून घेतो. आमचा सर्व्हर तेव्हा उबंटू १८.०४ वर होता आणि सेवा सिस्टिमडीमधून (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) चालत होती. तिथे सेवेची कडक मर्यादा ४०९६ होती. म्हणजे खरी भिंत चार हजारांच्या आसपास, आणि त्यातले काही नंबर सॉकेटांनी आधीच घेतलेले. मोठ्या दुकानाच्या पट्ट्या नेमक्या तेवढ्याच्या पुढे गेल्या की सगळं थांबत होतं.

शेलमधला आकडा सेवेला लागू असतोच असं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. खरा आकडा हवा असेल तर प्रॉक (/proc) फोल्डरमध्ये तुमच्या प्रोसेसच्या क्रमांकाचं फोल्डर उघडा आणि त्यातली ‘लिमिट्स’ नावाची फाइल वाचा. तीच प्रमाण. तसंच, सिक्युरिटी फोल्डरमधली लिमिट्सची कॉन्फ फाइल बदलून सिस्टिमडीच्या सेवेवर काहीही परिणाम होत नाही; ती फाइल माणसाने लॉगिन करून उघडलेल्या सत्रासाठी असते. आम्ही पहिल्या वर्षी तीच बदलली, सर्व्हर रीस्टार्ट केला आणि सुटलो असं समजलो. चाललं ते रीस्टार्टमुळे. सेवेसाठी तिच्या युनिट फाइलमध्ये ‘लिमिट एनओफाइल’ (LimitNOFILE) ही ओळ लागते.

दुसऱ्या वर्षी ती ओळ घातली आणि मर्यादा ६५,५३६ केली. सोळापट. वाटलं आता विषय संपला. तिसऱ्या वर्षी ३१ मार्चच्या दुपारी, यार्डातल्या बहुतेक दुकानांचे दिवाणजी एकाच वेळी तेच बटण दाबत असताना, सर्व्हर पुन्हा आडवा झाला. भिंत लांब गेली होती एवढंच. आपण कशामुळे तिच्यावर जाऊन आदळतोय ते अजून कुणी पाहिलंच नव्हतं.

आकडा पाहिला आणि कळलं

एप्रिलमध्ये गर्दी ओसरल्यावर शांतपणे बसलो. चाचणीच्या सर्व्हरवर तीन हजार पट्ट्यांचं एक दुकान तयार केलं. एका खिडकीत प्रॉकमधल्या त्याच फोल्डरातलं ‘एफडी’ हे उपफोल्डर दर सेकंदाला मोजायला लावलं. त्यात प्रत्येक उघड्या डिस्क्रिप्टरची एक नोंद असते. दुसऱ्या खिडकीत ब्राउझर.

बटण दाबण्यापूर्वी आकडा पन्नासच्या आत होता. दाबलं, आणि पुढच्याच मोजणीला तो तीन हजारांच्या वर. ब्राउझरमध्ये तेव्हा उतरणं नुकतंच कुठे सुरू झालं होतं. मग तो आकडा हळूहळू उतरायला लागला: ३०३९, ३०२१, ३००४… झिप जसजशी भरत होती तसतसा. म्हणजे वाचन एकेका फाइलचं चाललं होतं, पण उघडून ठेवल्या होत्या सगळ्या.

मग मध्येच ब्राउझरमधलं ‘रद्द करा’ दाबलं. आकडा २१८० वर थांबला. पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. २१८०. पुन्हा बटण दाबून पुन्हा रद्द केलं तर चार हजारांच्या वर गेला आणि तिथेच राहिला.

त्या दहा मिनिटांत तीन वर्षांचं कोडं सुटलं. एक नव्हे, दोन दोष होते. पहिला, गरज नसताना लवकर उघडणं. दुसरा, सोडून दिलेल्या कामाच्या फाइली बंद न करणं. मोठी झिप अडकायची ती पहिल्यामुळे. आणि कुणी मोठी झिप मागितलेली नसताना काही दिवसांनी सर्व्हर गुदमरायचा तो दुसऱ्यामुळे. सौद्याच्या गर्दीत दिवाणजी मोबाइलवरून झिप उतरवतात, रेंज जाते, ते पुन्हा बटण दाबतात. प्रत्येक तुटलेल्या प्रयत्नामागे शेकडो, कधी हजारो फाइली उघड्याच राहत होत्या. रीस्टार्ट केला की कर्नल त्या सगळ्या परत घेतो, म्हणून ‘रीस्टार्ट केला की चालतं’.

आमचा मूळ कोड थोडक्यात असा होता (स्ट्रीम म्हणजे तुकड्यातुकड्याने वाहत येणारा डेटा):

प्रत्येक पट्टीसाठी:
    फाइल = फाइलची स्ट्रीम उघड(पट्टीचा पत्ता)
    उलगडलेली = फाइल डिक्रिप्टरला जोड
    झिपमध्ये टाक(उलगडलेली)
झिप पूर्ण कर

वाचताना हा कोड एकामागून एक चालल्यासारखा वाटतो. तसा तो चालत नाही. ‘झिपमध्ये टाक’ हे फक्त रांगेत नाव लावतं आणि लगेच परततं. लूप डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतो. आणि नोडमध्ये फाइलची रीड स्ट्रीम बनवली की वाचायला कुणी सुरुवात करो न करो, फाइल उघडायची आज्ञा त्याच क्षणी जाते. स्ट्रीम शेवटपर्यंत वाचली गेली किंवा तिच्यात चूक आली तर ती आपोआप बंद होते. जी कधी वाचलीच गेली नाही तिला शेवट येत नाही, म्हणून ती बंदही होत नाही. उघडणं आणि वाचणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे आम्हाला शब्दांत माहीत होतं. त्या आकड्याने ते डोळ्यांना दाखवलं.

पहिला उपाय : मालाऐवजी चिठ्ठी

शीतगृहात काम बघितलेल्या माणसाला हे पटकन समजतं. दिवसभरात जितका माल जायचा आहे तितका सगळा सकाळीच चेंबरमधून काढून फलाटावर कुणी मांडत नाही. बेदाणा थंडीत ठेवतात तो रंग टिकावा म्हणून. बाहेर पडून राहिला तर नुकसान, आणि फलाटावर जागाही नाही. गाडीवाल्याच्या हातात चिठ्ठी असते. गाडी फलाटाला लागली की चिठ्ठी बघून हमाल तेवढाच लॉट काढतात.

कोडमध्ये ही चिठ्ठी म्हणजे एक फंक्शन. उघडलेली स्ट्रीम हातात द्यायची नाही, ‘वेळ आली की मला हाक मार, मी उघडून देईन’ असं फंक्शन द्यायचं. नोडमध्ये यासाठी ‘लेझीस्ट्रीम’ नावाचं छोटं मॉड्यूल आहे. त्याला फंक्शन दिलं की वरून साध्या स्ट्रीमसारखी दिसणारी वस्तू मिळते. तिच्यातून पहिल्यांदा कुणी वाचायला गेलं की मगच आतलं फंक्शन चालतं. पीएचपीत ‘गझल’ (Guzzle) या लायब्ररीच्या पीएसआर-७ पॅकेजात ‘लेझी ओपन स्ट्रीम’ हेच काम करते. पायथनमध्ये चौकोनी कंसात सगळ्या फाइली उघडून यादी केली तर त्या लगेच उघडतात. त्याऐवजी जनरेटर लिहून त्याच्या आत ‘विथ’ने उघडली तर वेळेवर उघडते आणि वेळेवर बंद होते.

हे वेष्टन घालताना आम्ही तीनदा अडखळलो. तिन्ही ठिकाणं सांगतो.

पहिल्या प्रयत्नात आकडा तसूभरही कमी झाला नाही. कारण फंक्शनच्या आत आम्ही फक्त डिक्रिप्टर जोडण्याची ओळ नेली होती. फाइल उघडण्याची ओळ बाहेर लूपमध्येच राहिली होती. साखळीतली सगळ्यात पहिली कडी आत गेली नाही तर बाकीच्या आत नेऊन उपयोग शून्य.

दुसरी चूक याहून गंभीर होती आणि ती चाचणीत सापडली हे आमचं नशीब. झिप उघडली तर पाचशे फाइलींना नावं पाचशे शेतकऱ्यांची, पण प्रत्येकीच्या आत एकाच, शेवटच्या शेतकऱ्याची पट्टी! जुन्या कोडमध्ये लूपमधलं चल ‘व्हार’ने घोषित केलेलं होतं. फाइल लगेच उघडत होती तोवर त्याने काही बिघडत नव्हतं. आता फंक्शन नंतर चालायचं, आणि तोवर चलात शेवटची किंमत बसलेली असायची. ‘व्हार’च्या जागी ‘लेट’ लिहिल्यावर प्रत्येक फेरीला वेगळं चल मिळालं आणि प्रश्न मिटला. पण एकाच्या हिशेबाच्या जागी दुसऱ्याचा हिशेब सीएंकडे गेला असता, तर सर्व्हर बंद पडण्यापेक्षा ते कितीतरी वाईट झालं असतं. उघडणं पुढे ढकलताना हा धोका नेहमी असतो. फाइलींची संख्या मोजून समाधान मानू नका. दोन-चार फाइली उघडून नाव आणि आतला मजकूर ताडून बघा.

तिसरं अडखळणं समजायला अख्खी संध्याकाळ गेली. सगळं नीट आत नेलं, ‘लेट’ लावलं, तरी आकडा उडी मारतच होता. झिप लायब्ररीचा कोड उघडून वाचला तेव्हा कळलं, की आमच्याकडची आवृत्ती हातात आलेली कुठलीही स्ट्रीम लगेच आपल्या आतल्या एका नळीला जोडून टाकते. तसं करण्यामागे तिचं कारण आहे. आधीच वाहती असलेली स्ट्रीम दिली तर डेटा सांडू नये म्हणून. पण नळीला जोडलं म्हणजे नळी वाचायला मागते, वाचायला मागितलं की आमचं वेष्टन जागं होतं, आणि फाइल उघडते. चिठ्ठी दिली खरी, पण घेणाऱ्याने ती हातात पडताच वटवली.

झिपमध्ये जायच्या फाइली जशाच्या तशा डिस्कवर असतील, मध्ये काही प्रक्रिया नसेल, तर हा सगळा व्यापच नको. लायब्ररीला स्ट्रीम देऊ नका, फाइलचा पत्ता द्या. ‘आर्कायव्हर’ या नोडच्या झिप लायब्ररीत ‘फाइल’ नावाची पद्धत नेमकी यासाठीच आहे. ती आतून लेझीस्ट्रीम वापरते आणि उघड्या फाइलींच्या मर्यादेचा त्रास टाळते. आम्हाला मध्ये एन्क्रिप्शन उलगडायचं होतं, म्हणून तो रस्ता बंद होता.

शेवटी टिकलेला उपाय

प्रत्येक पट्टीसाठी:
    स्ट्रीम = उघड आणि उलगड(पट्टी)
    झिपमध्ये टाक(स्ट्रीम)
    ही पट्टी पूर्ण आत जाईपर्यंत थांब
झिप पूर्ण कर

एक ओळ वाढली, ‘थांब’. झिप लायब्ररी एक नोंद पूर्ण झाली की घटना कळवते. त्या घटनेची वाट बघायची आणि मगच पुढची फाइल उघडायची. लायब्ररी आत काय करते यावर आता काहीच अवलंबून नाही, कारण तिच्या हातात एका वेळी एकच स्ट्रीम असते. वेग कमी होईल अशी भीती होती. तसं झालं नाही, कारण झिप तशीही एका वेळी एकच फाइल लिहीत होती. बाकीच्या नुसत्या ताटकळत उभ्या होत्या.

मात्र नुसतं ‘थांब’ लिहून चालत नाही. फाइल वाचताना चूक आली किंवा ब्राउझर निघून गेला तर ‘पूर्ण झाली’ ही घटना कधी येणारच नाही आणि लूप कायमचा तिथे अडकेल. म्हणून थांबताना तीन गोष्टींची वाट बघावी लागते: नोंद पूर्ण होणं, स्ट्रीममध्ये चूक येणं, आणि ब्राउझरला उत्तर नेणारी जोडणी तुटणं. यातलं जे आधी घडेल त्यानुसार पुढे जायचं किंवा आवरतं घ्यायचं.

आवरण्याच्या कामात ‘पाइप’ आणि ‘पाइपलाइन’ यांतला फरक कळीचा आहे. साध्या पाइपने दोन स्ट्रीम जोडल्या आणि पुढची मध्येच बंद झाली, तर मागची बंद होत नाही. मागच्या स्ट्रीममधली चूकही पुढे पोचत नाही. नोडच्या १० व्या आवृत्तीत, २०१८ मध्ये, ‘पाइपलाइन’ आली ती यासाठीच. साखळीत कुठेही तुटलं तर ती बाकीच्या कड्या बंद करते. आम्ही फाइल आणि डिक्रिप्टर यांच्यातली जोडणी पाइपलाइनने केली. उत्तराची जोडणी अर्धवट बंद झाली की झिप रद्द करायची, त्या क्षणी उघडी असलेली स्ट्रीम स्वतः नष्ट करायची आणि लूपमधून बाहेर पडायचं, असं लिहिलं. त्यानंतर तीच चाचणी केली. बटण दाबलं, आकडा जेमतेम दोन-तीनने वाढला. निम्म्यात रद्द केलं, पुढच्या सेकंदाला आकडा मूळ जागी.

मग नेटवर्कवर तोच प्रकार

पट्ट्या नंतर आम्ही शहराबाहेरच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (नेटवर्कवरून फाइली ठेवायची-काढायची साठवण सेवा) हलवल्या, पूर आला तरी त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून. तिथे वाचनासाठी नवं मॉड्यूल लिहिलं गेलं आणि जुना दोष नव्या रूपात परत आला. या वेळी ईएमफाइल नाही, कुठलीच चूक नाही. झिप नुसती सुरूच होत नव्हती. चाचणीत चाळीस पट्ट्यांचं दुकान चालायचं, साठ पट्ट्यांचं लटकायचं. आकडा कमी-जास्त करत गेलो: ५० चालतं, ५१ लटकतं.

त्या स्टोरेजशी बोलणाऱ्या आमच्या क्लायंट लायब्ररीत एका वेळी जास्तीत जास्त ५० जोडण्यांची मर्यादा होती. नव्या मॉड्यूलमध्ये आधी सगळ्या पट्ट्यांच्या विनंत्या एकदम पाठवल्या जात होत्या, सगळ्यांची उत्तरं आली की मग झिप सुरू. पहिली ५० उत्तरं आली, पण त्यांचा मजकूर वाचायला कुणीच नाही, कारण झिप अजून सुरू नाही. मजकूर वाचून संपल्याशिवाय जोडणी मोकळी होत नाही. एक्कावन्नावी विनंती मोकळ्या जोडणीची वाट बघतेय. झिप एक्कावन्नाव्या उत्तराची वाट बघतेय. सगळे एकमेकांसाठी थांबलेले.

इथे लेझीस्ट्रीम थेट वापरता येत नाही, कारण तिच्या फंक्शनने स्ट्रीम लगेच परत द्यायला हवी. नेटवर्कच्या उत्तराला वेळ लागतो. त्यासाठी असिंक जनरेटर फार सोयीचा पडतो. त्याच्या आत विनंती पाठवायची, उत्तराची वाट बघायची, आणि मजकुराचे तुकडे एकेक करून पुढे द्यायचे. जनरेटर बनवला तरी पहिला तुकडा कुणी मागेपर्यंत त्याची एकही ओळ चालत नाही, म्हणजे उशिरा उघडणं त्याच्या अंगातच आहे. ‘रीडेबल फ्रॉम’ने त्याची स्ट्रीम करता येते, बाइट वाहून न्यायच्या असतील तर तिथे ऑब्जेक्ट मोड बंद करायला विसरू नका. अर्थात वरची ‘थांब’ ही ओळ इथेही हवीच.

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात आली. पट्टीच्या फाइलपर्यंत पोचण्यासाठी ठरावीक मुदतीची सहीबंद लिंक लागायची, आणि आम्ही १५ मिनिटांची मुदत ठेवली होती. लिंका मात्र बटण दाबताच सगळ्यांच्या एकदम बनत होत्या. मोबाइलच्या संथ नेटवर्कवर झिप अर्धा तास चालली की शेवटच्या पट्ट्यांच्या लिंका शिळ्या झालेल्या असायच्या. उघडणं उशिरा असेल तर उघडण्यासाठी लागणारी किल्लीही उशिराच बनवली पाहिजे.

उशिरा उघडण्याची किंमत

आधी सगळ्या फाइली उघडताना एक फायदा होता: एखादी फाइल नसेल तर ते लगेच कळायचं. आता ती नसल्याचं कळतं तेव्हा निम्मी झिप ब्राउझरकडे गेलेली असते. ‘सगळं ठीक’ असा २०० चा कोड आधीच गेलाय, तो परत घेता येत नाही.

यावर आम्ही दोन पातळ्यांवर काम केलं. झिप सुरू करण्याआधी प्रत्येक पट्टी जागेवर आहे का ते ‘स्टॅट’ने बघतो. ते फक्त माहिती विचारतं, डिस्क्रिप्टर धरून ठेवत नाही, त्यामुळे चार हजार वेळा विचारलं तरी साठा भरत नाही. काही कमी असेल तर झिप सुरूच करत नाही. कोणत्या क्रमांकाच्या पट्ट्या नाहीत ते पडद्यावर दाखवतो. आणि तपासल्यानंतर, उघडण्याच्या आधी, मधल्या वेळात फाइल गेलीच तर जोडणी तोडतो. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, म्हणून अर्धवट तुटलेली झिप सहसा उघडतच नाही. काही जण अशा वेळी ती एक फाइल वगळून झिप पूर्ण करतात. हिशेबाच्या कागदांना मी तसं करणार नाही. न उघडणारी झिप बघून माणूस फोन तरी करतो. एक पट्टी कमी असलेली झिप कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी किंमत जास्त सूक्ष्म आहे. लिनक्सवर फाइल एकदा उघडली की नंतर कुणी ती पुसली तरी उघडणाऱ्याला जुना मजकूर वाचता येतो. म्हणजे सगळ्या पट्ट्या एकदम उघडल्या जायच्या तेव्हा झिप साधारण एकाच क्षणाचं चित्र असायची. आता पहिली पट्टी बटण दाबल्या क्षणाची आणि चार हजारावी वीस मिनिटांनंतरची. मध्ये दिवाणजींनी एखाद्या पट्टीत वजनाची दुरुस्ती केली तर पट्टी नवी आणि गोषवारा जुना, असं होऊ शकतं. आम्ही पट्टीची फाइल बदलणंच बंद केलं. दुरुस्ती झाली की नव्या नावाची नवी फाइल बनते, जुनी तशीच राहते, आणि बटण दाबल्या क्षणी कोणती फाइल घ्यायची याची यादी पक्की होते. यादी आधी, उघडणं नंतर.

पुन्हा येऊ नये म्हणून

मर्यादा मोठी असली की असा दोष वर्षभर लपून राहतो, म्हणून चाचणीत ती मुद्दाम लहान ठेवा. आम्ही चाचणीची सेवा सुरू करण्यापूर्वी युलिमिटने मऊ आणि कडक दोन्ही मर्यादा १०० वर आणतो आणि पाचशे पट्ट्यांची झिप मागतो. कुणी चुकून पुन्हा लूपमध्ये स्ट्रीम उघडली तर चाचणी तिथल्या तिथे पडते. दुसरी चाचणी झिप वीस वेळा मागून वीस वेळा मध्येच तोडते आणि नंतर आकडा मूळ जागी आला का ते बघते. प्रत्यक्ष सर्व्हरवर दर मिनिटाला डिस्क्रिप्टरची संख्या लॉगमध्ये जाते, आणि ती पाचशेच्या वर गेली की आम्हाला संदेश येतो. ६५,५३६ ची मर्यादा आम्ही काढली नाही. खरोखरच गर्दी झाली तर ती सॉकेटांना लागेल.

गेल्या ३१ मार्चला दिवसभर तो आकडा दोनशेच्या खालीच राहिला. दिवाणजींचा फोन आला, पण वेगळ्या कामासाठी: झिप निम्मी उतरल्यावर रेंज गेली तर पुन्हा पहिल्यापासून का उतरवावी लागते? हे अजून बाकी आहे. झिप वाहत्या स्वरूपात बनत असल्यामुळे मध्येच तुटलेली उतरवणी तिथून पुढे चालू करता येत नाही. मोठ्या दुकानांची झिप रात्रीच तयार करून डिस्कवर ठेवायची आणि सकाळी नुसती फाइल म्हणून द्यायची, असं सध्या करून बघतोय.